बॉल हातातून सुटतच नाही

"ताई, मी वीस वर्षांची आहे, लेफ्ट आर्म स्पिनर. अकराव्या वर्षापासून बॉलिंग करतेय. चार महिन्यांपूर्वी एका मॅचमध्ये माझा पहिलाच बॉल हातातून निसटला आणि कीपरच्या डोक्यावरून बाउंड्रीला गेला. पुढचा बॉल दोन टप्पे पडून गेला. सगळे हसले, मीपण हसले. पण त्या दिवसापासून हात वर गेला की बोटं बॉल सोडतच नाहीत, सोडलाच तर कुठेही जातो. नेटमध्ये एकटी असले तर दहातले सात ठीक पडतात, समोर बॅटर आला की संपलं. (बाउंड्रीवरून थ्रो मात्र एकदम झकास जातो.) कोच म्हणतात रोज दोनशे बॉल टाक, मी टाकतेय, उलट जास्तच बिघडतंय. बाबा म्हणतात सगळे मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर. नेटवर वाचलं तर याला यिप्स म्हणतात म्हणे आणि काही जणांचं करिअरच संपलं. सहा आठवड्यांनी ट्रायल आहे. खांदा दुखतोय असं सांगून टाळू का? आणि खरं सांगा, मी संपले का? – संपलेली डावखुरी"

अगं, ते थ्रोचं वाक्य तू कंसात टाकलंयस, जाता जाता, आणि पूर्ण पत्रात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याच हाताने, त्याच खांद्याने, त्याच बोटांनी तू बाउंड्रीवरून बॉल थेट कीपरच्या हातात देतेस आणि वीस मीटरच्या पिचवर टप्पा पाडायचा म्हटलं की तीच बोटं संप करतात. हात बिघडला असता तर दोन्हीकडे बिघडला असता ना?

बेसबॉलमध्ये मॅकी सॅसर नावाचा एक कॅचर होता, न्यूयॉर्क मेट्सचा. कॅचर म्हणजे साधारण आपला कीपर. समोरच्या टीमचं कोणी सेकंड बेस चोरायला, म्हणजे मध्येच पुढच्या बेसवर पोचायला पळालं की जवळजवळ ३९ मीटर लांब दणकून थ्रो करायचा, त्यात काही प्रॉब्लेम नाही. पण प्रत्येक बॉलनंतर तोच बॉल १८ मीटरवरच्या स्वतःच्याच पिचरला (म्हणजे बॉलरला) नुसता परत द्यायचा, जे शाळेतलं पोरगंही करेल, ते त्याला जमेना. हात मागेपुढे मागेपुढे करत बसायचा आणि मग कसातरी लोंबता बॉल जायचा. यँकीजचा चक नॉब्लॉक, १९९७ ला गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम फिल्डिंगचं बक्षीस मिळालेला माणूस, सेकंड बेसवरून फर्स्ट बेसला म्हणजे अगदी शेजारी बॉल देता येईना, २००० साली त्याचा एक थ्रो प्रेक्षकांत गेला आणि एका प्रसिद्ध टीव्ही अँकरच्या आईच्या तोंडावर बसला. पुढच्या वर्षी त्याला लांब लेफ्ट फील्डला पाठवलं, तिथून थ्रो करायचं मात्र त्याचं काही अडलं नाही. तुझंच पत्र वाचल्यासारखं वाटतंय ना.

आता हे होतं कसं, ते माझ्या पद्धतीने सांगते. बँकेत कधी सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत आलाय का तुझा? समोरचा माणूस म्हणतो, आधीसारखीच करा बरं का, नीट करा. झालं, आयुष्यभर न बघता केलेली सही तू आता हळूहळू, एकेक वळण आठवत काढतेस आणि ती कुणा तिसऱ्याच माणसाची वाटते, दुसऱ्यांदा केलीस की आणखी वाईट. हात विसरलेला नसतो, पण जे काम हात एकटा करत होता त्यात डोक्याने येऊन सूत्रं घेतलेली असतात, आणि डोक्याला ते काम कधी नीट येतच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली यावर एक छान प्रयोग मांडला होता. फुटबॉलपटूंना मैदानात ठेवलेल्या शंकूंमधून बॉल पायाने नेत ड्रिबल करायला लावलं आणि सांगितलं, बॉलला पायाची आतली बाजू लागतेय की बाहेरची याकडे लक्ष ठेवा. मुरलेले खेळाडू त्याने उलट हळू झाले, नवशिक्यांना मात्र फायदा झाला. आणि मला आवडलेली गंमत अशी की याच मुरलेल्यांना कमजोर पायाने ड्रिबल करायला लावलं तर तेही नवशिक्यांसारखे, म्हणजे लक्ष दिलं की सुधारले. तू उजव्या हाताने बॉलिंग करून बघ, विचार करकरून टाकलीस तर बरी पडेल. डाव्या हाताने विचार केलास की मेलीस. (उजव्याने खरंच करून बघ, त्याचं कारण पुढे येतंय.)

म्हणून तुझ्या कोचच्या दोनशे बॉलवर माझा पहिला आक्षेप. त्यांना दोष देत नाही, दहातले नऊ प्रॉब्लेम जास्त बॉल टाकून सुटतात आणि कोचला तेच माहीत असतं. पण हा दहावा आहे. तू रोज दोनशे वेळा नीट बॉल टाकायची प्रॅक्टिस करत नाहीयेस, दोनशे वेळा अडकायची करतेयस. चार महिन्यांत हात वर नेणे, घाबरणे, बोटं आवळणे, हा एक पूर्ण नवा ॲक्शन तू घोटून पक्का केलायस. तो आधी थांबव. तीन आठवडे डाव्या हाताने बॉलिंग पूर्ण बंद, नेटमध्ये नाही, घराच्या भिंतीवर नाही, हातात बॉल नसताना आरशासमोर तर नाहीच नाही. बॅटिंग कर, फिल्डिंग कर, पळ, थ्रो कर जितके करायचेत तितके.

बाबांसाठी वेगळं लिहिते, त्यांना दाखव हवं तर. काका, मनाचे खेळ म्हणालात ते अर्धं खरं आहे. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी गोल्फर्सच्या यिप्सचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दोन टोकं दिसली, एका टोकाला फोकल डिस्टोनिया, म्हणजे एका ठराविक हालचालीपुरताच मेंदूकडून स्नायूला चुकीचा हुकूम जातो आणि तो आखडतो (पियानो वाजवणाऱ्यांच्या, खूप लिहिणाऱ्यांच्या बोटांत होतं तसं), आणि दुसऱ्या टोकाला प्रेशरने गळपटणं. बरेचजण मध्ये कुठेतरी असतात. ज्याचे स्नायू आखडतायत त्याला मन घट्ट कर सांगणं म्हणजे उचकी लागलेल्याला शिस्त लाव सांगण्यासारखं आहे. आणि घट्टच तर झालंय हो ते सगळं, तोच तर प्रॉब्लेम आहे.

आता तुझ्याकडे. डॉक्टर. हे मी टाळू देणार नाही. बास्केटबॉलमध्ये मार्केल फुल्ट्झ नावाचा मुलगा २०१७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (तिथे टीम्स नवे खेळाडू निवडतात) पहिल्या नंबरला निवडला गेला आणि लगेच त्याचा शॉट असा काही बिघडला की व्हिडिओ बघताना आपल्याला कसंतरी होतं, बॉल हातात अडखळतोय, सुटत नाहीये. सगळ्यांनी ठरवून टाकलं की डोक्यात आहे, यिप्स झाले पोराला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये निदान झालं थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दाबल्या जातात. तुझा थ्रो चांगला जातोय म्हणून मला तुझ्याबाबत ती शक्यता कमी वाटते, पण मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून खांदा तपासता येत नाही. चांगल्या स्पोर्ट्स फिजिओकडे जा, बोटांना मुंग्या येतात का, पकड कमी झालीय का, पेन धरताना किंवा बरणीचं झाकण उघडताना बोटं आपोआप वळतात का, हे सगळं सांग. बॉलिंग सोडून इतर कामातही हात वाकडा वागत असेल तर न्यूरोलॉजिस्ट. तिथे लाजायचं नाही.

खांदा दुखतोय असं खोटं सांगायचा विचार मात्र सोडून दे. नीतीबिती बाजूला ठेव, व्यवहाराचं बोलते. खांदा सांगितलास की खांद्याचे व्यायाम मिळतील, सहा आठवड्यांनी खांदा बरा झाला का विचारतील, आणि मग बॉल पुन्हा हातात देतील. तू जिथे होतीस तिथेच, फक्त आता आणखी एक गोष्ट लपवायची. लपवण्याने काय होतं ते मला माहितीये कारण मी दोन वर्षं लपवलंय.

मी बॅडमिंटन डबल्स खेळायचे. डबल्समध्ये बॅकहँड शॉर्ट सर्व्हिस असते, डाव्या हाताच्या दोन बोटांत शटलचं पीस धरायचं, रॅकेट त्याच्या मागे, आणि नुसता अंगठ्याने ढकलायचं, दोन-तीन इंचांचं काम आहे. त्या दोन-तीन इंचांत माझा हात थिजायला लागला. शटल धरलंय, रॅकेट मागे आहे, समोरची वाकून तयार आहे, अंपायर बघतोय, आणि हात निघतच नाही. मग एकदम झटका बसल्यासारखा निघायचा आणि शटल नेटमध्ये किंवा सरळ समोरचीच्या रॅकेटवर. मी पार्टनरला मनगट दुखतंय सांगितलं. क्रेप बँडेज बांधून खेळायचे, दुखत काहीच नव्हतं! सगळ्यात वाईट म्हणजे मॅचच्या आदल्या रात्रीपासून मला फक्त सर्व्हिस दिसायची, बाकी मी छान खेळायचे हे मला आठवायचंही नाही. शेवटी एकदा मॅचच्या मध्येच रडत पार्टनरला सांगितलं तर ती म्हणाली, बये, मला दीड वर्षापासून माहितीये, मनगट दुखणारा माणूस स्मॅश कसा मारेल.

तुझ्या टीमलाही माहितीये बरं का. फक्त तू बोलत नाहीस म्हणून तेही बोलत नाहीत.

मी सुटले कशी तर सुटले नाहीच खरं तर, वळसा घातला. बॅकहँड सोडून जुन्या पद्धतीची फोरहँड लो सर्व्हिस सुरू केली, डबल्समध्ये ती बघून लोक हसतात, हसू देत, शटल नेटवरून जात होतं. बॅकहँड सर्व्हिस आजही चार लोकांसमोर येत नाही मला. एकटी असले की येते, झक्कास येते, काय उपयोग.

हा वळसा तुलाही सांगणार आहे. बेसबॉलमधल्या शिकागो कब्जचा जॉन लेस्टर, मोठा पिचर, त्याला फर्स्ट बेसला साधा थ्रो करता यायचा नाही आणि हे अख्ख्या लीगला माहीत होतं. टीमने तो दडवायचा नाद सोडला, कॅचरने जास्त जबाबदारी घेतली, पुढे तर लेस्टर बॉल मुद्दाम टप्पा देऊन फर्स्ट बेसला पाठवायला लागला, दिसायला हास्यास्पद, पण पोचायचा. २०१६ ला ते वर्ल्ड सिरीज जिंकले, लेस्टरसकट. गोल्फमधला बर्नहार्ड लँगर, त्याला पटिंगचे, म्हणजे जवळून बॉल भोकात ढकलण्याचे यिप्स एकदा नाही, करिअरमध्ये अनेकदा आले, दरवेळी त्याने पटर धरायची पद्धतच बदलली, एकदा तर डाव्या हाताचा कोपराखालचा भाग आणि दांडा दोन्ही उजव्या हाताने एकत्र पकडून पट करायचा. १९८५ आणि १९९३, मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा दोनदा जिंकलाय तो माणूस. हालचाल पुरेशी वेगळी केली की मेंदू तिला जुन्या खात्यात टाकत नाही, नवं काम समजतो, आणि नवीन कामावर भीतीचा शिक्का अजून बसलेला नसतो. उजव्या हाताने बॉलिंग करून बघ म्हटलं ते यासाठीच, बॉलिंग करताना हसू येऊ शकतं हे तुझ्या डोक्याला पुन्हा कळू दे.

तीन आठवडे झाले की सुरुवात टेनिस बॉलने, रनअप नाही, जागेवर उभं राहून, स्टंप नाहीत, बॅटर नाही, पिच नाही, मोकळं मैदान. बॉल कुठे पडला ते बघायचंच नाही, डोळे मिटून टाक. ग्रिप बदल, जास्त फिरवायचा प्रयत्न कर, उंच टाक, दोन पावलांवरून टाक, अराउंड द विकेटची सवय असेल तर ओव्हर द विकेट टाक. एका दिवशी तीसच्या वर बॉल नाहीत. आणि ज्या दिवशी पहिला बॉल अडकेल त्या दिवशी तिथेच थांबायचं, "अजून एक नीट टाकून मग जाते" हे करायचं नाही, त्या एकानेच दोनशे होतात. मग हळूहळू लेदर बॉल, मग स्टंप, मग कीपर, मग तुझी एखादी मैत्रीण बॅट घेऊन उभी राहील पण मारणार नाही, मग मारेल. याला सहा आठवडे लागतील की सहा महिने ते मी सांगू शकत नाही आणि जो कोणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

बॉल टाकताना लक्ष बोटांवर नको, हे एव्हाना कळलंच असेल. पिचवरच्या एखाद्या खुणेवर ठेव, किंवा बॉल टप्प्यावर कसा आवाज करतो ते ऐक. नेटवर तुला हेही सापडेल की विरुद्ध हाताने मऊ बॉल दाबला की प्रेशरमध्ये फायदा होतो, जर्मनीतल्या संशोधकांनी केलाय तो प्रयोग खरा, पण उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी डावा हात दाबायचा असा होता, डावखुऱ्यांचं काय ते त्यात नाही. तू ते सोडून दे.

टेक्निक अजिबात बघायचंच नाही असंही नाही हं. टेनिसमधली आर्यना सबालेन्का, २०२२ च्या सुरुवातीला तिची सर्व्हिस एवढी कोसळली की ॲडलेडला रडत रडत अंडरआर्म सर्व्हिस केली तिने. त्याच वर्षी तिने बायोमेकॅनिक्सचा माणूस गाठला, सर्व्हिसच्या हालचालीतली खरी चूक शोधून सुधारली आणि २०२३ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. म्हणजे कधी कधी आधी काहीतरी बारीक बिघडतं आणि भीती त्याच्या मागून येते. तुझे जुने व्हिडिओ असतील तर कोचना आता आणि तेव्हाचे शेजारी शेजारी लावून बघू देत. त्यांना बघू देत, तू बघू नकोस.

करिअर संपलेल्यांचं वाचलंस म्हणतेस. खोटं नाही ते. इंग्लंडमधल्या काउंटी बॉलर स्कॉट बॉसवेलने २००१ ला लॉर्ड्सवर फायनलमध्ये १४ बॉलची ओव्हर टाकली, वाइडवर वाइड, आणि त्याचं काउंटी क्रिकेट जवळपास तिथेच आटोपलं. कीथ मेडलीकॉट, तुझ्यासारखाच लेफ्ट आर्म स्पिनर, १९८९-९० ला इंग्लंडबरोबर वेस्ट इंडिजला गेला आणि तिथे त्याची बॉलिंगच हरवली, पंचविशी ओलांडून एखादं वर्ष झालं नाही तोवर खेळणं बंद. मग सरे काउंटीचा कोच झाला आणि १९९९, २००० आणि २००२ ला काउंटी चॅम्पियनशिप जिंकून दिली. बॉलिंग परत आली नाही ती नाहीच. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं हरवलेलं मात्र परत आलं. टोकियोला, २०२१ मध्ये, व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायला हवेत गेली आणि दीडच घेऊन कशीबशी उतरली, हवेत आपण कुठे आहोत हेच कळेना, जिम्नॅस्ट त्याला ट्विस्टीज म्हणतात. तिथेच थांबली, लोकांनी काय काय बोलून घेतलं तिला. पण तिने रेटलं असतं तर मानेवर पडली असती, तुझा बॉल फार तर वाइड जातो. पॅरिसला २०२४ मध्ये तीन गोल्ड आणि एक सिल्व्हर.

तुझं यातलं कुठलं होईल? माहीत नाही गं. तू वीस वर्षांची आहेस, चारच महिने झालेत, एकटी असताना दहातले सात पडतायत, ही मला बरी चिन्हं वाटतात. पण "परत आलीच पाहिजे" म्हणून बसलीस तर प्रत्येक बॉल ही परीक्षा होईल. आणि जेवण जात नाही, झोप नाही, मैदानावर जायच्या विचारानेच मळमळतंय, असं काही तू पत्रात लिहिलं नाहीस पण असेल तर स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्टची वाट बघत बसू नको, घरात सांग आणि जो कोणी समुपदेशक जवळ असेल त्याच्याकडे जा. बॉलिंग नंतर बघू.

ट्रायलला जा. बॅटिंग कुठे करतेस ते लिहिलं नाहीस, आठ नंबरला करत असशील तरी बॅटर म्हणून जा, थ्रो तर झकास आहेच. निवड झाली नाही तर झाली नाही, पण सहा आठवड्यांनी बॉलिंग दाखवायचीये ही तलवार डोक्यावरून आजच काढ. कोचशी बोलायला जीभ रेटणार नाही तुझी, म्हणून मेसेज लिहून देतेय, कॉपी कर आणि रात्री विचार करत न बसता आत्ताच पाठव:

"सर, मला यिप्स आहेत. खांदा दुखत नाही. तीन आठवडे मी बॉलिंग करणार नाही, बाकी प्रॅक्टिसला रोज येईन. फिजिओला दाखवतेय. ट्रायलला बॅटर म्हणून नाव द्या. नेटमध्ये कुणी विचारलं तर तुम्ही सांगितलंत तरी चालेल."